निल, ट्रेस, प्लस वन

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीत टाकीच्या बुडाशी बादली लावत होतो. "यंदाच्या अंकाचा विषय गळती," ते म्हणाले. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला गळतीवर लिही म्हणणं म्हणजे कोकण्याला पावसावर लिही म्हणण्यासारखं. जायकवाडीचा नाथसागर तासाभराच्या अंतरावर, आणि आमच्या घरी नळाला पाणी येण्याचे दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवलेले. जलवाहिनी कुठे फुटली, कोणत्या चौकातला व्हॉल्व्ह गळतो, हे इथे शेजाऱ्याच्या तब्येतीसारखं विचारलं जातं. म्हणूनच या गळतीवर लिहावंसं वाटेना. पेपरफुटीवर, तिजोरीवर, पक्षांच्या गळतीवर इतर लोक लिहितीलच. मी संपादकांना म्हटलं, "रोज सकाळी प्रत्येकाच्या घरात होऊ शकते आणि कोणी बघत नाही, अशी एक गळती आहे. ती बघून येतो."

वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली

औरंगपुऱ्याच्या एका गल्लीत, दोन कापडदुकानांच्या मधे, लहानशी पॅथॉलॉजी लॅब आहे. सकाळी सव्वासातला तिथल्या बाकावर बसलो. नाव छापायचं नाही, या अटीवर परवानगी मिळाली होती.

रक्त द्यायला आलेली माणसं बाही वर करून निवांत बसतात. लघवीची बाटली आणलेली माणसं मात्र चोरासारखी येतात. एकाची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळलेली, एकीची साडीच्या दुकानाच्या पिशवीत, तिच्यावर रुमाल. एक आजी खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन घेऊन आल्या होत्या. काउंटरवरच्या ताईंनी ती हळूच परत केली आणि प्लास्टिकची नवी डबी दिली. "आजी, यात औषधाची साखर राहिली असेल तर तुमची साखर मी किती सांगू?"

ताई अठरा वर्षं हेच काम करताहेत. डबी उघडायची, स्ट्रिप बुडवून लगेच बाहेर काढायची, कडा टिपकागदावर टेकवायची, घड्याळ बघायचं. स्ट्रिपवर छोटे छोटे चौकोन असतात. प्रथिनांचा चौकोन मुळात पिवळा असतो. तो पिवळाच राहिला तर निल. किंचित पोपटी झाला तर ट्रेस. हिरवा झाला की प्लस वन, आणि हिरवा निळ्याकडे झुकू लागला की दोन, तीन, चार. साठ सेकंदांत निकाल.

साडेसातला वाळूजच्या एका कंपनीत काम करणारे काका आले. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने सडपातळ, नऊ वर्षांपासून शुगर. त्यांचा चौकोन हिरवा झाला.

"काका, प्रोटीन जातंय. प्लस वन."

"म्हणजे शुगर वाढली का?"

"शुगर वेगळी. लघवीतून प्रोटीन जातंय. डॉक्टरांना नक्की दाखवा."

काका क्षणभर विचारात पडले. "जातंय ना? मग अंडी वाढवू का?"

ताईंना हसू आलं, मलाही. पण काकांचा तर्क चुकीचा असला तरी घरातलाच होता. टाकी गळत असली की आपणही आधी पाणीच जास्त भरून ठेवतो. त्यांच्या फाइलमध्ये गेल्या वर्षीचा रिपोर्ट होता. किडनीसाठी रक्तात बघतात ते क्रिएटिनीन ०.९, म्हणजे नॉर्मल. ज्या आकड्यात काही चुकतं तो लॅबवाले जाड ठशात छापतात. या पानावर जाड काहीच नव्हतं. वर्षभर काका निर्धास्त होते.

सात किलो दाराशी, चिमूटभर बाहेर

आपल्या प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो. हीच गाळणी. दिवसभरात या गाळण्यांमधून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. शरीरात रक्तातला पातळ भाग तीनेक लिटरच असतो, म्हणजे तोच द्रव रोज साठेक वेळा गाळणीवरून फिरतो. त्यातला जवळपास सगळा पुढच्या नळ्या परत ओढून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. आठवड्याने पाणी येणाऱ्या शहराने या काटकसरीपुढे हात जोडावेत.

गाळणीची खरी परीक्षा मात्र प्रथिनांपाशी होते. रक्तात सर्वांत जास्त असलेलं प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. ते रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. ते कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं, सकाळी डोळे सुजतात आणि संध्याकाळी पायावर मोज्याचा वळ उमटतो. एका लिटर प्लाझ्मात साधारण ४० ग्रॅम अल्ब्युमिन धरलं, तर १८० लिटरमागे रोज सात किलोहून जास्त अल्ब्युमिन गाळणीच्या दाराशी येतं. निरोगी माणसाच्या लघवीत त्यातलं ३० मिलिग्रॅमसुद्धा पोचत नाही.

गाळणीला तीन पदर आहेत. आतल्या बाजूला रक्तवाहिनीचं छिद्रांचं अस्तर, मधे एक पातळ पडदा, आणि बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी, ज्यांची बोटं एकमेकांत गुंतलेली असतात. बोटांमधल्या फटींवर नेफ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते. फिनलंडमध्ये काही बाळं जन्मतःच भरमसाट प्रथिनं गमावत. त्यांच्या आजाराचा माग काढत कार्ल ट्रिग्वासोन यांच्या गटाने १९९८ मध्ये या जाळीचं जनुक शोधलं. या गाळणीतून चुकून निसटलेलं थोडंफार अल्ब्युमिन पुढच्या नळीच्या पेशी उचलून घेतात. म्हणून लघवीत अल्ब्युमिन दिसू लागलं की दोन शक्यता उरतात. गाळणी सैल झाली आहे, किंवा उचलणारे हात थकले आहेत.

मधुमेहात आधी गाळणीवरचा दाब वाढतो, मग पडदा जाड होतो, पोडोसाइट गळून पडतात. गळालेला पोडोसाइट सहसा भरून येत नाही. हे सगळं होत असताना दुखत काहीच नाही. लघवीला फेस येतो, तोही गळती बरीच वाढल्यावर. आणि फेस तर जोराच्या धारेनेही येतो, संडास धुण्याच्या पावडरनेही येतो.

चमचा, मेणबत्ती आणि काडी

लघवीकडे बघून आजार ओळखण्याची परंपरा जुनी आहे. आयुर्वेदाने लघवीच्या रंग-रूपावरून प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, मधुमेहीच्या लघवीला मुंग्या लागतात हे टिपलं. ग्रीकांनी लघवीवर टिकणाऱ्या बुडबुड्यांचा संबंध किडनीच्या लांबणाऱ्या आजाराशी जोडला. पण बुडबुड्यातलं प्रथिन पकडायला विस्तव लागला. सतराव्या शतकाच्या अखेरीस लायडनच्या फ्रेडरिक डेकर्स यांना काही रोग्यांची लघवी तापवल्यावर दह्यासारखी फुटलेली दिसली. १८२७ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी अंगावर सूज, लघवीत प्रथिन आणि शवविच्छेदनात खराब निघालेल्या किडन्या, या तीन गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे चमच्यात लघवी आणि खाली मेणबत्ती. पुढे शंभर वर्षं किडनीच्या आजाराला त्यांच्याच नावाने ओळखत.

ही चाचणी मी प्रत्यक्ष पाहिली ती सिडकोतल्या एका निवृत्त तंत्रज्ञांच्या स्वयंपाकघरात. परीक्षानळी दोन तृतीयांश भरलेली, चिमट्यात तिरकी धरलेली, आणि ज्योत वरच्या भागालाच. "खालचा भाग गार ठेवायचा, म्हणजे तुलना करता येते," ते म्हणाले. वरचा भाग दुधाळ झाला. त्यांनी अॅसिटिक आम्लाचे दोन-तीन थेंब सोडले. "आता गढूळपणा गेला तर फॉस्फेट. राहिला तर अल्ब्युमिन." तो राहिला. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर का घट्ट होतो, त्याचंच हे छोटं रूप. "आमच्या वेळी सकाळी दीडशे नळ्या तापवायचो. अंगाला वास बसायचा. बायको आधी अंघोळ म्हणायची, मग चहा."

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एम्स कंपनीची कागदी काडी आली आणि ज्योत विझली. काडीवर आम्लपणा दाखवणारा रंग असतो. अल्ब्युमिन त्या रंगाला चिकटलं की आम्लपणा न बदलताही तो पिवळ्याचा हिरवा होतो. रंगाची ही चूकच चाचणी म्हणून वापरली गेली. काडीच्या मर्यादा तंत्रज्ञांना पाठ असतात. डबीचं झाकण उघडं राहिलं की ओल लागून काडी खोटं बोलते. लघवी फार अल्कली असली तरी खोटं बोलते. आणि अल्ब्युमिनखेरीज इतर प्रथिनं तिला नीट दिसत नाहीत. हाडांच्या मज्जेच्या मायलोमा या कर्करोगात लघवीतून वेगळंच प्रथिन जातं. तिथे काडी निल दाखवते आणि आजार पुढे सरकतो.

वरणातलं मीठ

काडीची सर्वांत मोठी अडचण आमच्या हवामानाशी जोडलेली आहे. मे महिन्यात मराठवाड्यात लघवी पिवळीधमक आणि घट्ट होते. थोडंच अल्ब्युमिन असलं तरी काडी प्लस वन दाखवते. पावसाळ्यात तोच माणूस तांब्याभर पाणी पिऊन आला की निल. आजार तोच, पाणी वेगळं.

यावरचा उपाय स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक आहे. वरणात पाणी वाढवलं की ते अळणी लागतं, पण डाळीच्या मानाने मीठ किती टाकलं ते बदलत नाही. लघवीत डाळीची जागा क्रिएटिनीन घेतं. स्नायूंमधून निघणारा हा टाकाऊ पदार्थ रोज बऱ्यापैकी ठरलेल्या प्रमाणात बाहेर पडतो. त्याच्या मानाने अल्ब्युमिन किती, हे मोजलं की पाण्याचा घोळ संपतो. याला डॉक्टर एसीआर म्हणतात. एक ग्रॅम क्रिएटिनीनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली. ३०० च्या वर म्हणजे जोरात आहे. साधी काडी या मधल्या टप्प्यातलं बरंच काही सोडून देते, आणि उपचाराला सर्वांत जास्त वाव याच टप्प्यात असतो.

हा मधला टप्पा सापडला तोही गाय्ज हॉस्पिटलमध्येच. १९६३ मध्ये हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने लघवीतलं अगदी थोडं अल्ब्युमिन मोजण्याची पद्धत काढली. १९८२ मध्ये तिथल्याच जियानकार्लो विबर्टी यांनी मधुमेहींचे जुने नमुने आणि त्यांचं पुढचं आयुष्य ताडून पाहिलं. ज्यांच्या लघवीत काडीला न दिसणारं अल्ब्युमिन होतं, तेच पुढे मोठ्या संख्येने किडनीच्या आजारापर्यंत पोचले होते. १९८४ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल एरिक मोगेन्सन यांनी प्रौढ वयात मधुमेह झालेल्यांत हेच दाखवलं. अशी माणसं लवकर दगावतही होती, बहुतेक हृदयविकाराने. गाळणीच्या रक्तवाहिन्या सैल होतात तेव्हा हृदयाच्या वाहिन्याही धडधाकट नसतात.

एका आकड्यावर मात्र कोणी घाबरू नये. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी, किंवा पोलीस भरतीसाठी पहाटे मारलेल्या मैदानाच्या फेऱ्या, यांनी अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. म्हणून नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायची. आणि तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा आकडा वाढलेला दिसला, तरच गळती खरी मानायची.

रक्त उशिरा बोलतं

शहरातल्या एका डायलिसिस केंद्रात मला कन्नड तालुक्यातले एक शेतकरी भेटले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी. पहाटेची एसटी, चार तास मशीन, दुपारची एसटी. त्यांच्या डाव्या हातावर फिस्टुला होता, म्हणजे शीर आणि धमनी एकमेकींना जोडून फुगवलेली नस. "हात लावून बघा," ते म्हणाले. आत मांजर गुरगुरावं तशी थरथर होती.

"पाणी किती पिता?"

"दिसाला लिटरभर. त्यातच चहा, त्यातच वरण. तहान लागली की तोंडात लवंग धरतो."

मशीनमधून मिनिटाला साधारण अर्धा लिटर शुद्ध केलेलं पाणी क्षारांसह वाहतं. चार तासांत १२० लिटर. लिटरभर पाण्यावर दिवस काढणाऱ्या माणसाचं रक्त धुवायला १२० लिटर लागतं, तेही या शहरात. मशीनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागतो. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या मुलाचा दिवस मात्र घरावरच पडतो.

त्यांना बारा वर्षांपासून शुगर आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासलं, उपाशीपोटीचं आणि जेवणानंतरचं, वर्षातून एकदा क्रिएटिनीन. लघवी? "सुरुवातीला एकदा दिली होती. शुगर बघायला."

रक्तातल्या क्रिएटिनीनवर लोकांचा फार भरवसा. "किडनीची टेस्ट नॉर्मल आली" म्हणजे क्रिएटिनीन नॉर्मल आलं. पण किडनीचं निम्म्याच्या आसपास काम बंद पडेपर्यंत हा आकडा बऱ्याचदा नॉर्मलच्या रांगेत उभा असतो, कारण उरलेल्या गाळण्या जास्त राबून घर सांभाळतात. स्नायू कमी असलेल्या वयस्क बायांमध्ये तो आणखी उशिरा वाढतो. नडियादचे डॉ. मोहन राजापूरकर आणि देशभरातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ५२,२७३ किडनी रुग्णांची नोंद करून २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातले ४८ टक्के रुग्ण डॉक्टरांपुढे पहिल्यांदा आले तेव्हा पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात होते. मधुमेह हे सर्वांत मोठं कारण होतं, जवळपास एक तृतीयांश रुग्णांमध्ये.

१९५६ साली सुरू झालेल्या आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे घाटीच्या, आवारात कोणत्याही सकाळी उभं राहा. सिल्लोड, वैजापूर, जालना, बुलडाणा, बीड इथून आलेली माणसं केसपेपरच्या रांगेत दिसतील. त्यातल्या किती जणांची लघवी पाच वर्षांपूर्वीच बोलू लागली होती, हे कोणी विचारलेलं नसतं.

आता विचारून उपयोगही आहे. १९९० च्या दशकात रक्तदाबाच्या काही गोळ्या गाळणीवरचा दाब उतरवून गळती कमी करतात हे सिद्ध झालं. २००१ मध्ये लोसार्टानने मधुमेही किडनीची घसरण मंदावते हे दिसलं. ही गोळी आज कोपऱ्यावरच्या औषधदुकानात मिळते. २०१९ च्या क्रेडेन्स चाचणीत शुगरच्या एका नव्या गोळीने किडनी निकामी होण्यासारखे परिणाम ३० टक्क्यांनी घटवले. त्या चाचणीत माणसं निवडली होती लघवीतल्या अल्ब्युमिनवरून. याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात मार्च २०२५ मध्ये संपलं आणि साठेक रुपयांची गोळी दहा रुपयांच्या आतबाहेर आली. गोळी परवडू लागली, पण ती कोणाला द्यायची हे सांगणारी बाटली लॅबमध्ये पोचत नाही.

गोरेपणाची किंमत

गळती मधुमेहाशिवायही होते. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी गाजली. एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांना सूज. तिघी ब्युटिशियनकडून आणलेली गोरं करणारी क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत प्रकरण गेलं आणि क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून गाळणीपर्यंत पोचला होता.

केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात गाळणीचा पडदा जाड होण्याच्या आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १३ जणांनी गोरं करणाऱ्या क्रीम वापरल्या होत्या. वेल्लोरच्या डॉक्टरांनी पारा असलेल्या काही गावठी औषधांशी याच आजाराचं नातं दाखवलं. अशा रुग्णांत पायावरची सूज, लघवीला फेस आणि काडीवर तीन-चार प्लस, एवढंच सांगायला पुरेसं असतं. क्रीम किंवा भस्म थांबवणं हा उपचाराचा मोठा भाग. गुलमंडीच्या गर्दीत परवा एका टपरीवर बिनलेबलच्या गोल डब्या दिसल्या. विचारलं तर उत्तर आलं, "सात दिवसांत फरक."

२७३ तुकड्यांची पत्रिका

अल्ब्युमिन दिसायला लागलं तेव्हा गाळणीला इजा झालेलीच असते. त्याच्याही आधी कळेल का? या प्रश्नाने गेली वीस वर्षं संशोधकांना लघवीतल्या बाकीच्या प्रथिनांकडे वळवलं आहे. २००६ मध्ये निरोगी लघवीत दीड हजाराहून जास्त प्रथिनं मोजली गेली. त्यातली काही रक्तातून येतात, तर काही किडनीच्या नळ्या स्वतः बनवतात. निरोगी लघवीत सर्वांत जास्त असतं ते युरोमोड्युलिन. ते नळ्यांच्या पेशी तयार करतात आणि त्याचं प्रमाण नळ्यांच्या प्रकृतीची कल्पना देतं.

जर्मनीतल्या हानोव्हरमध्ये हाराल्ड मिशाक यांच्या गटाने लघवीतले प्रथिनांचे २७३ छोटे तुकडे निवडले आणि त्यांच्या कमी-जास्त प्रमाणावरून एक गुण काढला. त्याचं नाव सीकेडी२७३. त्यातले बरेच तुकडे कोलॅजनचे आहेत. कोलॅजन हा शरीराचा दोरा. किडनीत व्रण पडू लागले की हा दोरा आत साठत जातो आणि लघवीत त्याचे तुकडे कमी येतात. इथे गळतीपेक्षा जे बाहेर यायचं थांबलं, तीच सूचना ठरते.

या पत्रिकेची खरी कसोटी युरोपातल्या प्रायॉरिटी अभ्यासात लागली. मधुमेह असलेले, पण लघवीत अल्ब्युमिन नॉर्मल असलेले १,७७५ लोक घेतले. पत्रिकेने त्यातल्या २१६ जणांना धोक्यात ठरवलं. पुढच्या काही वर्षांत या २१६ पैकी २८ टक्क्यांना गळती सुरू झाली, बाकीच्यांपैकी ९ टक्क्यांना. भाकीत बऱ्यापैकी खरं ठरलं. मग धोक्यातल्या लोकांपैकी काहींना स्पायरोनोलॅक्टोन हे औषध देऊन पाहिलं. गळती टळली नाही. निकाल २०२० मध्ये आला. पत्रिकेत शनी दिसला, पण शांत काही झाली नाही.

काही प्रथिनांचा उपयोग वर्षांऐवजी तासांच्या हिशेबात आहे. सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांची लघवी तपासली. ज्यांच्या किडनीला झटका बसला, त्यांच्या लघवीत एनगॅल हे प्रथिन दोन तासांत उसळलं. क्रिएटिनीनला त्यासाठी एक ते तीन दिवस लागले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी या चाचणीला मान्यता मिळाली. पावसाळ्यात घोणस चावून येणाऱ्या आमच्याकडच्या शेतमजुरांच्या किडन्यांसाठीही हे दोन तास मोलाचे ठरू शकतात.

आणखी एक गोष्ट अल्ब्युमिनवर फार विसंबणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. निकाराग्वा, एल साल्वादोरमधले ऊसतोड मजूर आणि आंध्रातल्या उद्दानमचे शेतकरी ज्या किडनीविकाराने खचतात, त्यात गळती फार कमी असते. तिथे मार बसतो तो गाळणीपेक्षा नळ्यांना. उन्हात राबणं आणि पाण्याविना राहणं यांवर तिथे मोठा संशय आहे. बीड-जालन्याहून कोयता घेऊन निघणाऱ्या टोळ्यांचा विचार मनात आला की काडीवरचा निल मला पूर्ण दिलासा देत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत महेश कुलकर्णी यांच्या गटाने मास स्पेक्ट्रोमीटरवर मधुमेहींच्या रक्तातलं अल्ब्युमिन तपासलं. हे प्रथिन साखर स्वतःवर ओढून घेतं, आणि ते कमी असलं की इतर प्रथिनांना साखर जास्त चिकटते, असं त्यांच्या कामातून दिसलं. जे लघवीतून गळतं, ते आत ढालीचंही काम करतं. असं यंत्र औरंगपुऱ्याच्या गल्लीत यायला वेळ आहे. पण भाकीत आजही करता येतं. २०११ मध्ये नवदीप टांगरी आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या रुग्णांवरून एक सूत्र मांडलं. वय, स्त्री की पुरुष, रक्तावरून काढलेला गाळण्याचा वेग आणि लघवीतला एसीआर. आजार ठरलेल्या माणसाची किडनी दोन किंवा पाच वर्षांत निकामी होण्याची शक्यता एवढ्यावर निघते. त्यातल्या तीन गोष्टी आमच्याकडे प्रत्येक फाइलमध्ये असतात. चौथी नसते.

माझ्या स्वतःच्या फाइलमध्येही नव्हती. मला आठ वर्षांपासून रक्तदाब आहे. आठ क्रिएटिनीन सापडले, एसीआर एकही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीही बाटली घेऊन निघालो. जिन्यात शेजारी भेटले आणि माझा हात आपोआप पिशवीच्या आत गेला.

वहीचं शेवटचं पान

शेवटी गेलो फुलंब्रीकडच्या एका उपकेंद्रात. मंगळवारी गरोदर बायांची तपासणी होती. वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, आणि टेबलावर तीच काडीची डबी. माता व बाल संरक्षण कार्डावर लघवीतल्या अल्ब्युमिनसाठी वेगळा रकाना छापलेला आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढून प्रथिन जाऊ लागलं तर आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका, हे सिस्टरला पाठ आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणीही होते. त्यात रक्तदाब, मधुमेह आणि तीन कर्करोग आहेत. लघवी नाही.

काडी गावापर्यंत पोचली आहे, तिचं काम ठाऊक असलेलं माणूसही तिथे बसलेलं आहे. जपानने १९७४ पासून शाळेतल्या मुलांची लघवी तपासायला सुरुवात केली. नेदरलंड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये १९९७ च्या सुमारास चाळीस हजार लोकांनी सकाळच्या लघवीच्या कुप्या टपालाने पाठवल्या. आणि आपल्या चेन्नईत डॉ. एम. के. मणी यांच्या किडनी हेल्प ट्रस्टने आसपासच्या खेड्यांत शिकलेल्या मुलींना हाताशी धरून घरोघरी लघवी आणि रक्तदाब तपासला, आणि स्वस्तातल्या जुन्या गोळ्यांनी उपचार केले. माणशी वर्षाकाठी खर्च काही रुपयांचा.

उपकेंद्राच्या ओट्यावर एका गरोदर सुनेसोबत तिचे सासरे आले होते. पासष्टीचे, डोक्याला टॉवेल, दहा वर्षांची शुगर. सिस्टरने सुनेची काडी बघून निल लिहिलं आणि माझ्याकडे एक नजर टाकून म्हणाली, "आबा, तुम्ही पण द्या थोडी."

आबा हसले. ओट्यावरच्या बायांकडे बघत मोठ्याने म्हणाले, "मला काय दिवस गेलेत का?"

सगळ्या बाया हसल्या. सूनही तोंडाला पदर लावून हसली, आणि मग तीच म्हणाली, "द्या ना, मामंजी." आबा कुरकुरत डबी घेऊन मागे गेले.

सिस्टरने काडी बुडवली, टिपली, घड्याळाकडे पाहिलं. पिवळा चौकोन आधी पोपटी झाला, मग हिरवा. तिने सुनेचं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. आबांसाठी त्यात जागा नव्हती. मग तिने स्वतःच्या वहीचं शेवटचं पान उघडलं, आबांचं नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं, प्लस टू. "आबा, गुरुवारी आरोग्य केंद्रात डॉक्टरकडे यायचं. हा कागद घेऊन." तिने ते पान फाडायला घेतलं, थांबली, आणि तोच मजकूर खाली पुन्हा एकदा लिहून अर्धा कागद आबांना दिला. अर्धा वहीत राहिला.